सॉफ्टवेअर ‘सेफ’ म्हणालं, पण रिंग कुणी वाकवली?

चिखलीला माझ्या मामाच्या घराचं काम चालू आहे. खाली दोन गाळे, वर राहायला दोन मजले. पहिला स्लॅब शनिवारी टाकायचा होता आणि मी शुक्रवारीच पोचले होते. बातमीसाठी नाही, मामीच्या हातचं जेवायला. मामेबहीण सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तिनं घरचंच घर घेतलंय. ‘भूकंपरोधक आरसीसी इमारतीचं विश्लेषण आणि डिझाइन’, असं भारदस्त नाव. लॅपटॉपवर तिनं मला ते घर फिरवून दाखवलं. बीम, कॉलम, सगळं रंगीत. एकही सदस्य लाल नाही. ‘‘सगळं पास आहे,’’ ती म्हणाली. स्क्रीनवरचं घर तिनं हलवूनसुद्धा दाखवलं. भूकंपात कसं डोलेल ते. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही चहा घेऊन वर गेलो. फळ्यांवर बीमचे पिंजरे बांधून तयार होते. ती एका बीमपाशी वाकली, रिंगेच्या टोकाला बोट लावलं आणि गप्प झाली.

तुमच्यातल्या कितीजणांनी रिंगेचं टोक कधी नीट बघितलंय? मी तरी नव्हतं. बीममध्ये लांब सळया असतात आणि त्यांना आडव्या वेढून घेणारी चौकोनी कडी असते, ती रिंग. पुस्तकात तिला स्टिरप म्हणतात. साइटवर कुणीही म्हणत नाही. या रिंगेची दोन टोकं जिथे भेटतात तिथे ती आत वळवायची असतात. मामाच्या घरात ती काटकोनात वळवलेली होती, म्हणजे ९० अंशांत. बहिणीच्या सॉफ्टवेअरनं जे घर ‘सेफ’ ठरवलं होतं, त्यात ती १३५ अंशांत वळलेली होती. म्हणजे बीमच्या पोटात, काँक्रीटच्या गाभ्यात घुसलेली.

फक्त ४५ अंशांचा फरक. एवढ्यासाठी एका पुरवणीचं अग्रलेखाचं पान वापरायचं का, असं माझ्या संपादकांनीही विचारलं. म्हणून आधी हा फरक किती टनांचा आहे ते सांगते.

स्टॅड असो की ईटॅब्ज, भूकंपाचा भार टाकताना सॉफ्टवेअर मोजकेच प्रश्न विचारतं. झोन कोणता? माती कशी? इमारत किती महत्त्वाची, म्हणजे घर की दवाखाना? आणि आर किती? हा आर म्हणजे रिस्पॉन्स रिडक्शन फॅक्टर. आपण त्याला भूकंपाच्या बळातली सूट म्हणू. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीचं गणित सोपं करून बघा. ४०० टन वजनाचं एक बुटकं घर धरा, झोन २ मध्ये. घर अजिबात न वाकता, न तडकता उभं राहायला हवं असेल, तर आडवं बळ धरावं लागेल सुमारे ५० टन. तेवढ्यासाठी बांधणं कुणालाच परवडत नाही. म्हणून कोड म्हणतो, घर थोडं वाकू द्या, तडे जाऊ द्या, पण कोसळू देऊ नका. वाकण्याची तयारी असेल तर बळात सूट घ्या. साध्या फ्रेमला आर ३, म्हणजे ५० चे झाले साधारण १७ टन. खास लवचीक फ्रेमला आर ५, म्हणजे फक्त १० टन. पुढे सुरक्षिततेचे गुणक लागतात ते वेगळे, पण सुरुवात इथून होते.

आता विचार करा, विद्यार्थी काय टाकतो? ५ टाकतो. कारण सीनियरच्या फाइलमध्ये ५ होतं. कारण ५ टाकलं की लोखंड कमी लागतं, मॉडेल पटकन पास होतं आणि गाइड सर खूश होतात. पण ५ हा आकडा फुकट मिळत नाही. त्या बदल्यात आयएस १३९२० नावाचा दुसरा कोड पाळायचं वचन द्यावं लागतं. रिंगेचं टोक १३५ अंशांत वळवायचं, वळल्यानंतर पुढे सळईच्या जाडीच्या सहापट आणि किमान ६५ मिमी लांब ठेवायचं, बीमच्या टोकांना रिंगा दाट लावायच्या. वचन दिलं लॅपटॉपनं, पाळायचं फिटरनं. आणि मामाच्या फिटरला असं काही वचन दिलंय हे माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मला त्या दिवशी उशिरा कळली आणि ती सांगायलाच हवी. फिटरनं नियम मोडला नव्हता. साध्या आरसीसी कामाच्या कोडमध्ये, आयएस ४५६ मध्ये, ९० अंशांचं वळण चालतं. फक्त पुढचं टोक थोडं लांब ठेवायचं. झोन २ मध्ये आर ३ धरून तसं घर बांधता येतं. म्हणजे फिटर चुकला नव्हता, कॉम्प्युटरही चुकला नव्हता. दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती. घर कॉम्प्युटरमध्ये १० टनांच्या हिशोबानं उभं राहिलं आणि साइटवर १७ टनांच्या पद्धतीनं बांधलं गेलं. मधल्या ७ टनांची जबाबदारी कुणाचीच नाही.

(हे तिच्या प्रोजेक्टचं मॉडेल झालं. घराचा खरा नकाशा दुसऱ्यांनी केलाय. त्यात रिंगेबद्दल एकच ओळ आहे: ८ मिमी, १५० मिमी अंतरानं. टोक कसं वळवायचं, ते चित्रात नाहीच.)

मामा खाली खुर्ची टाकून बसला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘‘काय वं पोरी, आपल्या इकडं कधी भूकंप आला का? कायले डोकं खपवता दोघी?’’

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधलं. उत्तर किल्लारीत आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. आपल्यापैकी कुणीच तेव्हा जन्मलेलं नव्हतं, पण आई-वडिलांना विचारा, बुलडाण्यातही किती जण त्या रात्री जागे झाले ते सांगतील. ६.२ तीव्रतेचा भूकंप, हजारो माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आणि त्या दिवशी देशाच्या भूकंप नकाशात किल्लारी कुठे होतं? झोन १ मध्ये. सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये एखाद्या विद्यार्थ्यानं औसा तालुक्यातलं घर सॉफ्टवेअरमध्ये टाकलं असतं, तर त्यानं झोन १ टाकला असता आणि कोडप्रमाणे ते अगदी बरोबर असतं.

त्याआधी कोयना. ११ डिसेंबर १९६७. तोवर दख्खनचं पठार म्हणजे अढळ, असंच मानलं जायचं. कोयनानगर हाललं आणि १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारीनंतर पुन्हा बदलला. २००२ च्या सुधारणेत झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला. हे वाचताना मला एकच गोष्ट खटकत राहिली: नकाशा भूकंपाच्या मागून चालतो. जमीन हलते, मग रेषा हलते.

अर्थात किल्लारीचं उदाहरण जपून वापरायला हवं. तिथे माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदांच्या ओझ्यानं. आरसीसीच्या बीमनं नाही. म्हणून ‘आमचं घर तर स्लॅबचं आहे, आम्हाला काय,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना अहमदाबाद सांगा. २६ जानेवारी २००१, भूज. तीव्रता ७.७. अहमदाबाद भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब, आणि तरी तिथल्या कितीतरी बहुमजली इमारती खाली बसल्या. सगळ्या आरसीसीच्या. त्यातल्या बऱ्याच खाली पार्किंग मोकळं ठेवलेल्या. सिमेंट-लोखंड होतं, इंजिनिअर होते, काहींचे हिशोबही असतील.

आणि आपल्या आजूबाजूला? वाशीम ओलांडलं की हिंगोली. २०२४ मध्ये तिथे दोनदा ४.५ चा धक्का बसला, २१ मार्चला आणि १० जुलैला. वरच्या बाजूला सातपुडा आहे, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या अगदी दारात. सातपुड्यात १९३८ मध्ये सहाच्या वरचा भूकंप झालाय. त्याच नर्मदेच्या पट्ट्यात पुढे १९९७ मध्ये जबलपूर हाललं. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. उद्या बुलडाण्यात भूकंप येणार, असं कुणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही. पण ‘आपल्याकडं कधी येत नाही’ हे वाक्य किल्लारीतही कुणीतरी म्हटलंच असणार.

आता परत त्या रिंगेकडे. कारण माझा खरा राग तिथेच आहे.

बीम रोज काय करतो? वरचं वजन पेलतो. मधोमध खाली झुकतो, म्हणून तिथे खालच्या सळया ताणल्या जातात. कॉलमपाशी उलट, तिथे वरच्या सळया ताणल्या जातात. म्हणून गवंडी-फिटर पिढ्यान्‌पिढ्या कॉलमपाशी वर जास्त लोखंड देतात आणि खाली कमी. रोजच्या वजनाला ते बरोबर आहे. भूकंपात मात्र घर डावीकडे जातं, उजवीकडे येतं, पुन्हा डावीकडे जातं. प्रत्येक हेलकाव्यात बीमचं टोक उलटसुलट वाकतं. एका क्षणी वर ताण, दुसऱ्या क्षणी खाली. म्हणून आयएस १३९२० सांगतो, कॉलमपाशी वर जेवढं लोखंड दिलंय, त्याच्या निदान निम्मं खालीही द्या. सॉफ्टवेअर हे आपोआप करून देतं, तुम्ही ड्रॉपडाउनमध्ये योग्य कोड निवडला असेल तर. ४५६ निवडला आणि १३९२० विसरला, तर करत नाही. आणि विसरलात म्हणून ओरडतही नाही.

चार-पाच हेलकावे झाले की बीमच्या टोकाचं वरचं काँक्रीट, कव्हर, झडतं. हे होणारच, हे धरूनच सूट घेतलेली असते. कव्हर झडलं की रिंगेची टोकं उघडी पडतात. टोक ९० अंशांचं असेल तर ते कव्हरच्या जवळच, कडेला चिकटून असतं. त्याला धरणारं काँक्रीट गेलं की ते उलगडतं. रिंग उलगडली की आतल्या सळया बाहेर फुगतात आणि गाभा भरभर सुटतो. १३५ अंशांचं टोक गाभ्यात रुतलेलं असतं. बाहेरचं झडलं तरी आतलं त्याला सोडत नाही. अंगठा बाहेर ठेवून मूठ वळा आणि मग आत घालून वळा. कुणाला सोडवायला सांगा. कळेल.

मामाचा बीम नऊ बाय पंधरा इंचाचा. नियमानं हिशोब केला तर टोकांना, म्हणजे कॉलमपासून साधारण ६८० मिमीपर्यंत, रिंगांमधलं अंतर ८५ मिमीच्या वर नको आणि पहिली रिंग कॉलमपासून ५० मिमीच्या आत हवी. नकाशात सरसकट १५० होतं. फरक किती? एका टोकाला तीन-चार रिंगा जास्त. एका बीमला सात धरा. ८ मिमीची एक रिंग अर्ध्या किलोच्या आतच बसते. म्हणजे बीममागे साडेतीन किलोच्या आत लोखंड, आजच्या भावानं दोन-अडीचशे रुपये. मामानं वास्तुशांतीच्या पत्रिकेसाठी याच्या कितीतरी पट आधीच बाजूला काढून ठेवलेत. (मामा, हे वाचलंस तर माफ कर.)

मग होत का नाही? पैशापेक्षा वेळेमुळे. फिटरशी मी बराच वेळ बोलले. मेहकरकडचा माणूस, पंधरा वर्षं हेच काम. तो म्हणाला, ‘‘म्याडम, आमचा ठेका फुटावर असते. नव्वदची रिंग वरून पटकन बसते. एकशे पस्तीसची सळईत अडकते, एकेक फिरवून घालाव लागते. दिवसाचं काम दीड दिवस होते. तो अर्धा दिवस आमाले कोन देते?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि बहिणीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमातही नाही. ‘‘साहेब लोकांनी एकदा सांगितलं होतं तसं करायले,’’ तो पुढे म्हणाला, ‘‘शाळेच्या कामावर. तिथं केलं ना आमी.’’ म्हणजे येत नाही असं नाही. सांगणारा आणि अर्ध्या दिवसाचे पैसे देणारा लागतो.

मी हे लिहितेय ते सिव्हिलवाल्यांसाठी तर आहेच, पण बाकीच्यांनी पान उलटू नका. तुमच्या घरचा स्लॅबही कधीतरी पडणार आहे.

सिव्हिलवाल्यांना आधी. तुमचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्याची थट्टा करायची नाही. आपल्या आजोबांच्या वयाचे इंजिनिअर जे हिशोब कागदावर करायला आठवडे घालवायचे, ते आता चहा होईपर्यंत होतात. पण ते जेवढं विचारतं तेवढंच त्याला कळतं. माती विचारतं: कठीण, मध्यम की मऊ. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली यात केवढा फरक आहे, हे तुम्हाला गुगलपेक्षा जास्त माहीत आहे. बुलडाणा-चिखलीला फूट-दोन फूट खणलं की मुरूम, मग काळा पाषाण. घाट उतरून नांदुरा, शेगावकडे गेलात की पूर्णेच्या गाळाची खोल माती. सीनियरची फाइल बुलडाण्याची आणि तुमची साइट नांदुऱ्याची असेल, तर तो एक आकडा बदलायला हवा. बहिणीच्या वर्गात किती जणांनी बदलला, ते मी विचारलं. ती हसली फक्त. झोनचंही तसंच. सातपुड्याच्या पायथ्याचं घर असेल तर ‘विदर्भ म्हणजे झोन २’ असं तोंडपाठ टाकू नका, कोडच्या ताज्या आवृत्तीतला नकाशा उघडून बघा. भारतीय मानक ब्युरोचे कोड आता मोफत उतरवून घेता येतात, त्यामुळे ‘मिळाला नाही’ हे कारण गेलं.

आणि पाणी तर ते विचारतच नाही. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, पण त्याच पाण्यानं स्लॅब टाकलेला आणि त्यालाच पाणी मारलेलं तुम्ही बघितलं असेल. त्यातला क्लोराइड सळई आतून खातो. आयएस ४५६ मध्ये आरसीसीच्या पाण्याला क्लोराइडची मर्यादा आहे, लिटरला ५०० मिलिग्रॅम. ८ मिमीची रिंग काही वर्षांत गंजून किती उरेल, याचा रकाना ईटॅब्जमध्ये नाही.

सगळ्यात मोठी फसगत भिंतींची. मामाच्या घरात वर विटांच्या भिंती आहेत आणि खाली गाळे, म्हणजे पुढून शटर आणि मोकळी जागा. बहिणीच्या मॉडेलमध्ये भिंत कशी आहे? फक्त वजन म्हणून. नऊ इंची भिंत म्हणजे बीमवर मीटरला १२ किलोन्यूटन, हा आकडा सिव्हिलवाल्यांना झोपेतही सांगता येतो. पण भिंत नुसती ओझं नसते, ती अडवतेही. वरचे मजले भिंतींमुळे एका ठोकळ्यासारखे ताठ होतात आणि भूकंपाचं सगळं हलणं खालच्या मोकळ्या गाळ्यांच्या कॉलमवर येतं. अहमदाबादला हेच झालं. मॉडेलमध्ये भिंत नुसती वजन म्हणून टाकली, तर खालचा मजला आणि वरचा मजला सॉफ्टवेअरला सारखाच दिसतो. तिरप्या पट्ट्या टाकून भिंतीचा ताठपणा दाखवता येतो, २०१६ च्या कोडमध्ये तशी पद्धतही दिली आहे. पण मॉडेल अवघड होतं, वेळ लागतो आणि सबमिशन सोमवारी असतं. आता चिखली, खामगाव, मलकापूर, कुठल्याही मेन रोडवर उभे राहून बघा. खाली गाळे, वर घर. आपली अख्खी बाजारपेठ तशीच बांधलेली आहे.

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला जे झालं ते तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. एकट्या त्या देशात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. तिथला कोड जगातल्या चांगल्या कोडमध्ये मोडतो. सॉफ्टवेअर तर आपलंच, तेच.

म्हणून कॉलेजांकडे माझं एक मागणं आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला जाड रिपोर्ट लागतो, प्लेजरिझमचा दाखला लागतो, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग लागतं. त्याच्यासोबत विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं वाकवलेली एक रिंगही मागा. व्हायव्हाला टेबलावर ठेवू दे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोनमापक लावून बघावं. थट्टा वाटेल, पण बहिणीनं त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा रिंग वाकवून पाहिली आणि चौथ्या प्रयत्नात जमली. चार वर्षांत ती स्क्रीनवर किती हजार रिंगा लावून बसली असेल! आणि एखाद्या दिवशी फिटरलाच वर्गात बोलवा, मानधन देऊन. ‘अर्धा दिवस कोन देते’ हा प्रश्न त्यानं एस्टिमेशनच्या तासाला विचारायला हवा.

जे सिव्हिलला नाहीत, त्यांना एवढंच: घरचं काम चालू असेल तर स्लॅबच्या आदल्या दिवशी वर जा. हजार सेल्फी काढता, रिंगांच्या टोकांचेही फोटो काढा. कॉलमपाशी खालच्या सळया आहेत का ते बघा, रिंगांमधलं अंतर टेपनं मोजा. ज्यांनी नकाशा केला त्यांना विचारा, ‘‘साहेब, आर किती धरला?’’ उत्तर पाच आलं तर रिंगेचा फोटो दाखवा. काँक्रीट पडल्यावर यातलं काहीच दिसत नाही. समजून घ्यायचं असेल तर आयआयटी कानपूरनं बीएमटीपीसीसोबत काढलेल्या २४ छोट्या ‘अर्थक्वेक टिप्स’ आहेत, प्रा. सी. व्ही. आर. मूर्तींच्या. दोन-दोन पानांच्या आणि भरपूर चित्रांच्या. मी मास कॉमची आहे, मला समजल्या.

मामाचं काय झालं? स्लॅब शनिवारी झाला नाही. मिक्सरवाल्याची बोलणी खाल्ली, स्वयंपाक्याला दिलेली आगाऊ रक्कम गेली आणि मामी दोन दिवस आम्हा दोघींशी जेमतेम बोलली. फिटरला एक दिवसाची जास्त मजुरी ठरवून बीमच्या टोकांच्या रिंगा काढून पुन्हा वळवून घेतल्या, मधे आणखी घातल्या. स्लॅब सोमवारी टाकला. पण खालच्या गाळ्यांचे कॉलम त्याआधीच भरून झाले होते, त्यातल्या रिंगा ९० च्याच आहेत आणि आता त्या कुणालाही दिसणार नाहीत. मामा एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवतो म्हणालाय. कॉलमला बाहेरून जाड करून घेता येतं, गाळ्यांच्या मागच्या बाजूला भिंत देता येते का तेही बघता येईल. मागची भिंत आली की गोडाऊनचा दरवाजा जातो, त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.

बहिणीनं त्याच रात्री फाइल उघडली आणि आर पाचचा तीन केला. भिंतीच्या तिरप्या पट्ट्या यूट्यूबवर बघत बघत टाकल्या, पहाटे दोन वाजले. गाळ्यांमधले तीन कॉलम लाल झाले. मैत्रिणींनी सांगितलं, परत पाच कर, कुणाला कळतंय. तिनं फाइल लाल ठेवूनच सेव्ह केली. रिव्ह्यू मंगळवारी आहे.